पिंपातला चोथा

बर्टन,
४ नोव्हेंबर १९८४

प्रिय डेसमंड,

तू मजेत असशील. आम्हीही आहोत. बाबांची तब्येत आहे तशी आहे. थंडी यंदा लवकर पडली.

काल बागेतली शेड उघडली. उघडावीच लागली, कारण टनिक्लिफबाई कुंपणावरून म्हणाल्या, "म्यूरिएल, तुमच्याकडे काही मेलंय का?" त्या शनिवारी तू आणि बाबांनी पेल एल बिअरसाठी भिजवलेले सातू तीन आठवडे पिंपात तसेच होते. झाकण काढलं आणि मी गुलाबाच्या वाफ्यात ओकले. वर हिरवट साय, खाली अळ्या, आणि तबेल्यात कुणी उलटी करून ठेवावी तसा वास. हातमोजे घालून चोथा उपसला, तरी नखांना अजून घाण येतेय.

खरी शिसारी तुझी आली, डेस. बाबा चोथा गरम असतानाच टनिक्लिफबाईंच्या कोंबड्यांना घालायचे, पिंपाला कधी वास आला नाही. तुझी बिअर म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, एवढंच तर ते म्हणाले. माझ्या चहाला रोज म्हणायचे. तू मात्र "करा मग एकट्याने" म्हणून ऐन मध्यात लीड्सची गाडी पकडलीस. एकाने गरम पाणी ओतायचं, दुसऱ्याने पिंपाची तोटी सांभाळायची, हे काम एकट्याचं नाही हे तुला ठाऊक होतं. बाबा पाण्याचं भांडं उचलायला वाकले आणि तिथेच कोसळले. तू इस्पितळात फुलं पाठवलीस. ती मी नर्सला देऊन टाकली.

तब्येतीचं वर लिहिलंय ते खोटं. त्यांची उजवी बाजू गेलीय. डॉक्टर नाताळाच्या पुढचं बोलत नाहीत. मी गेले की वाकड्या तोंडाने एकच विचारतात, "डेस आला का? तोटी उघडली का?" त्यांच्या लेखी सातू अजून भिजतायत आणि तू कोपऱ्यावर सिगारेट आणायला गेलायस.

मी सांगितलं, आला, बाटल्याही भरल्या. सांगताना मला माझीच किळस आली. ते अर्ध्या तोंडाने हसले. म्हणाले, "मग एक घोट आण."

दुकानातली चालणार नाही, जिभेला लागताच ओळखतील. तुझं विसळलेलं पाणीही ओळखतील, आणि त्यांना तेच हवंय. सातू भरडून आणलेत. पिंप सोड्याने तीनदा घासून उपडं ठेवलंय. या आठवड्यात बिअर केलीस तर नाताळापर्यंत होईल.

आलास तर माझ्याशी बोलायची गरज नाही. सरळ शेडमध्ये जा. दार उघडं ठेवलंय.

तुझी वाट न बघणारी बहीण,
म्यूरिएल