गंगेत सोडलेलं सीताफळ

२८ सप्टेंबर
काल हरिद्वारहून बाभुळगावले घरी पोचली. भैरवीनं, माह्या नातीनं, डायरी देल्ली तवापासून लिहाचंच होतं. तर गंगेत उभं राहून, नाव घेऊन आवडती खाची वस्तू सोडाची असते. यायचा, म्हणजे माह्या नवऱ्याचा, आबाचा, गुडघा बरा व्हावा म्हणून मी सीताफळ सोडलं. जन्मभरासाठी. बाकीच्या बायायनं कारलं सोडलं. ते काय प्रेम झालं? घाटावरचा पंड्या इचारे, माताजी, सब्जी तो नहीं बनाओगी? म्या म्हटलं, याची कायची भाजी. येडाच होता बिचारा.

५ ऑक्टोबर
अंगणातलं सीताफळाचं झाड यंदाच असं लदलं. मले काही वाटत नाही. भजनात, यात्रेले सोबत आलेल्या मानीबाईनं सगळ्यायले सांगून टाकलं, नवऱ्यासाठी एवढं कोण करते. एकजण तर पाया पडली. लय बरं वाटलं. पण आता झाडाखाली उभं राहाचीबी सोय नाही.

९ ऑक्टोबर, दुपार
वास घेतल्यानं नेम मोडत नाही. घेतला. आबा म्हणे, कौसल्ये, टोपल्यातून नाक काढ, मले खाऊ दे. मन रमवाले लाल कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी केली, गूळ टाकून. झकास टेस्ट.

१४ ऑक्टोबर
आजबी कोहळं. काल बोंडं तळली, तीबी कोहळ्याचीच. सीताफळाची आठवण आली की कोहळं चिरते. फुल कंट्रोल.
आबाचा गुडघा सुजला. माहं प्रेम कमी पडून राह्यलं काय? उद्यापासून टोपल्याकडं पाहाचंबी नाही.

१९ ऑक्टोबर
भैरवी दिवाळीले दिल्लीहून आली. कॉलेज तिथंच हाय तिचं. पंड्याची गोष्ट सांगतली तर हसता हसता ठसका लागला पोरीले. म्हणे, आजी, तिकडं हिंदीत सीताफल म्हणजे कोहळं.
म्हणजे मी मोकळी. टोपल्याकडं धावली. त्यातलं शेवटचं सीताफळ आबाच्या हातात. म्हणे, तू सोडलं म्हणून तुह्या वाट्याचंबी मलेच संपवा लागून राह्यलं.
मंग ध्यानात आलं. सोडलं कोहळं, अन् खाल्लं रोज कोहळंच. गुडघा सुजंल नाही तर काय.

२० ऑक्टोबर
गंगामाईनं मराठी आयकलं का हिंदी, कोणाले इचारू? मानीबाईले तर नाहीच. आजपासून दोन्ही बंद. खरं प्रेम असंच असते.
आबाले सांगतलं, तुमच्यासाठी कोहळंबी सोडलं.
म्हणे, बरं केलं, खाऊ खाऊ मलेबी कटाळा आलता. सीताफळाचं टेन्शन घेऊ नको, ते मी पाहून घेतो.