पुतळ्याचं नाक

सई,

मी एसटीने उरणला माझ्या बहिणीकडे, हदासाकडे जातोय. डाळ कुकरमध्ये आहे. माझ्या गोळ्या मी घेतल्यात, जोनाथनला सारखे फोन करू नको म्हणावं.

टीव्हीजवळ फुलदाण्यांच्या मधे तू जो मातीचा पुतळा मांडलास, त्याच्या नाकाचा शेंडा मीच, तुझ्या सासऱ्याने, उडवलाय, छिन्नीने. कामवालीला बोलू नको. रागाने नाही केलं. आम्हा यहुद्यांच्या घरात अख्ख्या चेहऱ्याची मूर्ती ठेवत नाहीत. नाक जरा उडवलं की ती नुसती शोभेची वस्तू होते, मग घरात चालते. माझ्या वडिलांनी असंच शिकवलं. मला ती घरात नकोच असती तर हातही न लावता तसं तोंडावर सांगितलं असतं.

पण तो चेहरा तुझ्या आईचा आहे आणि तुझ्या बाबांनी जाण्याआधी केलेलं ते शेवटचं काम, हे जोनाथन आज सकाळी बोलला. तू काल जेवली का नाहीस ते तेव्हा कळलं. मी विचारायला हवं होतं. तूही सांगायचंस की! कुठली फुलदाणी कुठे ठेवायची यावर तासभर बोललीस, आणि याबद्दल एक शब्द नाही.

शेंडा टाकलेला नाही. रुमालात गुंडाळून निळ्या फुलदाणीत ठेवलाय. नीट चिकटेल, बारीक रेघ तेवढी दिसेल.

तू तो चिकटवलास तरी मी रविवारी याच घरी येणार आहे.

पप्पा