लाल रेघ

प्रिय टिल्ल्या,

दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच झालास तरी मी तुला टिल्ल्याच म्हणणार, तेव्हा नाक मुरडू नकोस. काल तू फोनवर जे बोललास ते मी आईच्या कानावर घातलेलं नाही. रविवारी बाबांच्या लष्करातल्या तुकडीतली आणि लिफ्टच्या कारखान्यातली माणसं आपल्याकडे जमणार, बाबांच्या माघारी त्यांच्या आठवणी काढणार, आणि तू म्हणे येणार नाहीस. का, तर गेल्या वर्षी बाबा तुझ्या नव्या घरी आले, दोन दिवस राहिले आणि 'गॅलरी फार उंच आहे' एवढं एकच वाक्य बोलून परतले. पोटाला चिमटा काढून घर घेतलं आणि बापाला त्यात खोट तेवढी दिसली, अशा माणसाबद्दल चारचौघांत गोड बोलायला मी येणार नाही, असं म्हणून तू फोन ठेवलास. मी परत फोन लावला नाही. फोनवर मला भांडता येतं, समजावता येत नाही.

आई बरी आहे. जेवते, पेपर वाचते, माझ्यावर ओरडते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. परवा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस बाबांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत टेकला, तर ती त्याच्यावर अशी डाफरली की बिचारा नळ अर्धवट सोडून निघाला होता. मग तिनेच त्याला हाताला धरून परत त्याच खुर्चीत बसवलं आणि चहा दिला. बाबांचे नट आवळायचे पाने अजून भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले आहेत. त्यातला एक मी पुसून चुकीच्या खिळ्याला लावला, तर संध्याकाळी तो बरोबर जागी होता. आईने मला ताकास तूर लागू दिली नाही.

माझ्या वेण्या आठवतात का रे तुला? आई सकाळच्या पाळीला गेली की बाबा घालायचे. भांग पट्टीने आखल्यासारखा सरळ, आणि वेणी इतकी घट्ट की माझ्या भुवया शाळा सुटेपर्यंत वर असायच्या. बाईंना वाटायचं, ही मुलगी सारखी कसलं आश्चर्य करतेय! तुझी सायकलही तशीच. तिच्या प्रत्येक नटावर ती लाल रंगाची रेघ, नटावरून थेट खालच्या दांड्यापर्यंत ओढलेली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि सैल झालेलं लगेच कळतं, असं ते सांगायचे. मुलं सायकलला कुंकू लावलंय म्हणून चिडवायची, तू रॉकेलने रेघा घासून काढायचास आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. बाबा चकार शब्द बोलायचे नाहीत, तू तर त्याहून नाही. दोघांचंही नाक सारखंच, आणि त्याच्या शेंड्यावरचा रागही. पंखा, पलंग, आईच्या शिलाई मशीनचा पाय, घरात रेघ नसलेला एक नट सापडायचा नाही. आपण त्याला बाबांचं खूळ म्हणायचो.

परवा वेल्डरकाका आले होते. लष्करात बाबांच्या हाताखाली असलेले, तुला खांद्यावर बसवून अंगणभर फिरवायचे ते. आता एका कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं जोरात सांगतात. टेबल फॅनवरची रेघ बघून मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. लढाईच्या दिवसांत बाबांनी एका नदीवर लोखंडी पूल उभा केला होता. प्रत्येक नट सकाळी स्वतःच्या हाताने आवळला होता. दिवसभर ट्रक धावले, थरथरीने नट सैल होत गेले, आणि संध्याकाळी एक पट्टी निसटून ट्रक खाली गेला. त्यात बाबांचा जिवलग मित्र होता. चौकशीत बाबांवर ठपका आला नाही, पण त्यांच्या मनाने तो कधी उतरवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाची डबी मागून घेतली. आवळलं म्हणजे झालं असं नसतं, नंतर वाकून बघावं लागतं, असं ते काकांना म्हणायचे. टिल्ल्या, मला रडू आलं आणि खरं सांगू, रागही आला. एवढं सगळं पोटात ठेवलं, एकदा आपल्याला सांगायला काय झालं होतं या माणसाला?

काका गेल्यावर मी हे आईला सांगितलं, तर भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला. तुझ्याकडे येताना बाबांची बॅग भलतीच जड होती म्हणे. तुझी छकुली तेव्हा नुकती धरून धरून चालायला लागली होती. दुसऱ्या दुपारी तुम्ही दोघं ऑफिसला, आई छकुलीला थोपटत होती आणि बाबा दार लोटून कितीतरी वेळ गॅलरीत होते. आत आले तेव्हा त्यांचा अंगठा लाल होता. आईला वाटलं, कापलं. तर म्हणाले, धुतलं की जाईल. तिने काही पुढे विचारलं नाही. मीही तुझी गॅलरी पाहिलेली नाही, तरी पैजेवर सांगते. हे पत्र संपलं की तिथे जा. उभ्याने दिसणार नाही, छकुलीच्या उंचीवर खाली बस आणि कठडा भिंतीत जिथे बसवलाय तिथले नट बघ. रेघ सरळ असेल तर रविवारी ये. तुटली असेल तर नट आवळ, नवी रेघ ओढ आणि मग ये, पण ये. आईने बाबांची रंगाची डबी याच पार्सलात घातली आहे. सांडेल म्हणून काळजी नको, झाकण घट्ट आहे, त्यावरही त्यांनी रेघ ओढून ठेवलीय. तू उघडशील तेव्हा ती तुटेल, त्याला इलाज नाही.

तुझीच, अजूनही तुझा कान धरू शकणारी,
ताई