वहिनींच्या बेसिनखालचा पितळी ट्रॅप

मी खाली सही करणारा, वय एक्क्याहत्तर, नळकामाचा निवृत्त तपासनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच सज्जन दिसत होतो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला मिळावी. सिंकखालचे नट तिने स्वतः आवळू नयेत. ती नको तेवढे आवळते, आणि ती खोड माझीच आहे.

२. माझे सर्व पाने, पाइप कापायची हत्यारे व लेव्हलची पट्टी, ज्याला सगळे 'वायसर' म्हणतात त्या प्लंबरला मी हयातीतच देऊन टाकली आहेत, कारण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. त्याने बसवलेले शोभेचे ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचे वळणाचे पाइप, मी अकरा वेळा नापास केले. तो वैतागून विचारायचा, "साहेब, एवढा चकचकीत माल, आणि नियमात बसत नाही?" मी सांगायचो, चकाकीला नियमाची हरकत नाही. ट्रॅप शोभेचा असो की साधा, त्याच्या पोटात दोन इंच पाणी कायम उभे राहिले पाहिजे आणि तो उघडून साफ करता आला पाहिजे. ते पाणीच गटाराचा वास घरात येऊ देत नाही. अकराही वेळा माझे बरोबर होते. बाराव्या ट्रॅपबद्दल चौथ्या कलमात लिहिले आहे.

३. कोपऱ्यावरच्या बेसिनवाल्या दुकानदाराला काही देऊ नये. "डोळे झाकून न्या," असे म्हणून त्याने मला तो बारावा ट्रॅप विकला. त्याच्यावरचा वीस वर्षांचा राग मात्र मी आज सोडतो, कारण डोळे मीच झाकले.

४. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, घर बांधले तेव्हा वहिनींनी काचेचे बेसिन निवडले. खालचा पाइप उघडा दिसणार, म्हणून मी नक्षीच्या कड्यांचा पितळी ट्रॅप भेट आणला. बसवण्याआधी आत पेन्सिल घालून मोजले. आतली नळी आखूड होती. पाणी जेमतेम अर्धा इंच उभे राहणार, आणि भरलेले बेसिन सोडले की तेवढेही ओढले जाणार, हे मला कळले होते. पण साऱ्या घरासमोर मिरवत आणलेली वस्तू परत न्यायची लाज वाटली. तपासणीच्या कागदावर मी 'दोन इंच' लिहून सही केली.

पंधरा दिवसांत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. डोकं धरतं माझं." दादाला नाकाच्या जुन्या दुखण्यामुळे कसलाच वास येत नसे. त्याने मला तपासायला सांगितले.

आमच्याकडे यासाठी एक जुनी चाचणी आहे. गच्चीवर निघणाऱ्या गटाराच्या पाइपात गरम पाण्याबरोबर पेपरमिंटचे तेल ओतायचे आणि खाली वास कुठे येतो ते पाहायचे. पथ्य एकच: ओतणाऱ्याने घरात जायचे नाही, कारण तेल हाताला लागते आणि मग तो जाईल तिथे तोच वास. हे मी प्लंबरांना जन्मभर शिकवले. त्या दिवशी तेल मीच ओतले, हात न धुता खाली उतरलो आणि तडक बाथरूममध्ये शिरलो. हे चुकून झाले नाही.

"येतोय! बेसिनखालूनच येतोय बघा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा किती दिवसांनी खुलला होता.

"वहिनी, तो माझ्या हातांचा आहे," मी म्हणालो, आणि हात त्यांच्या नाकाशी नेले.

दादा हसला, मग बाकीचे हसले. पुढे वहिनींनी तोंड उघडले की घरात "झालं हिचं सुरू" ऐकू येई. मग डोके शांत करायच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन वर्षांनी वहिनी बहिणीकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. दादा शेवटपर्यंत म्हणायचा, "बाई चांगली होती रे, पण भ्रम झाला तिला." मी त्याच्या उशाशी बसून मान हलवायचो. ती हललेली मान मला सगळ्यात जास्त छळते. दादा गेल्यावर मी तो ट्रॅप काढून आणला. तो माझ्या कपाटात आहे. वहिनींच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो आणि बेल न वाजवता परतलो.

५. माझ्या मागे सर्व नातेवाईक जमतील तेव्हा मुलीने चौथे कलम मोठ्याने वाचावे, ट्रॅपमध्ये पेन्सिल घालून अर्धा इंच सर्वांना दाखवावा. जे हसले होते त्यांनी पुढे बसावे.

६. दादाने वहिनींना वगळून माझ्या नावे केलेले घर वहिनींना मिळावे.

(कलम पाच व सहा खोडले आहेत. खोडलेल्या जागी माझी सही आहे. कारण खाली देतो.)

काल हा मसुदा घेऊन मी वहिनींकडे गेलो आणि बेल वाजवली. त्यांनी तो दारातच, उभ्यानेच वाचला. मग विचारले, "साक्षीदार कोण?"

"एक वायसर. दुसरा ठरायचाय."

"मी करते सही."

"ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष चालत नाही, वहिनी."

"मग घर माझ्या बहिणीला द्या. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. आणि हे वाचायला तुम्ही मरायची वाट कशाला बघायची? तुमच्या तोंडून ऐकायचंय मला."

माफी मागायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानुसार, दादाचे घर वहिनींच्या बहिणीला मिळावे. चौथे कलम येत्या रविवारी सर्वांसमोर मी स्वतः वाचणार आहे. हात धुऊन बसेन.

ठिकाण: माझ्या घरचे जेवणाचे टेबल
दिनांक: अकरा फेब्रुवारी, सकाळी दहा
सही: मृत्युपत्र करणारा

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली आहे.

साक्षीदार पहिला: वायसर, प्लंबर
साक्षीदार दुसरी: थोरली वहिनी

(दुसऱ्या सहीखाली, साक्षीदाराच्या अक्षरात: वास येत होता.)