रणजितच्या लहानपणाची चौकशी

३ नोव्हेंबर, सकाळी ८
नात वृषालीला स्थळ आलंय. मुलगा रणजित, वडगाव निंबाळकरचा, स्वतःची पोल्ट्री. घरात सगळे खूश. मी सावध. काल मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, सिरियल किलर कसा घडतो. डॉक्टर सांगतात, सगळं लहानपणीच ठरतं. तीन खुणा: मोठं होऊनही अंथरूण ओलं करणं, आगी लावणं, मुक्या जिवांना त्रास. आपल्याकडे स्थळाच्या चौकशीत जमीन विचारतात, भावकी विचारतात. अंथरुणाचं कोणी विचारत नाही.
ठरवलं. उद्याच वडगावला जायचं, गुपचूप.

४ नोव्हेंबर
गेलो नाही. गुडघा. व्हिडिओ पुन्हा तीनदा पाहिला, म्हणजे काम थांबलं नाही.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
गेलो. बारामतीत एसटी बदलली. वडगावात न्हाव्याकडे बसलो, ओळख दिली नाही. न्हावी म्हणाला, इंदापूरचे पोरीकडले का. कसं कळलं समजत नाही.
माहिती मिळाली. सातवीत असताना रणजितने उसाचं पाचट पेटवलं, शेजाऱ्याचे ठिबकचे पाइप वितळले. शिवाय दर दीड महिन्याला पाच हजार कोंबड्या कापायला पाठवतो. ठरावीक काळाने, एकाच पद्धतीने. व्हिडिओत हेच होतं.
पाचट मीही पेटवतो. पण माझा हेतू वेगळा असतो.

७ नोव्हेंबर
शेजारच्या झुंबरला विश्वासात घेतलं. तो म्हणाला, पोरगी सासरी गेल्यावर तुझ्या गोळ्या कोण काढून देणार, ही भीती हाय तुला. गोळ्यांचा काय संबंध? सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली, एवढंच तर तिला विचारतो. झुंबर चौथी नापास. मी सातवी. मानसशास्त्र त्याला झेपणार नाही.

९ नोव्हेंबर
मुलाकडचे घर बघायला आले. आडून विचारायचं ठरवलं होतं. पोहे झाल्यावर रणजितच्या आईला विचारलं, पोरगा कितवीपर्यंत गादी ओली करायचा. बाई म्हणाल्या, चारचौघांसारखाच. उत्तर टाळलं. रणजित मात्र हसला. व्हिडिओतलेही असेच गोड हसतात.
सूनबाई आत गेली ती बाहेर आलीच नाही.

१० नोव्हेंबर
वृषाली रडली. बोलत नाही. माझा पोरगा, तिचा बाप, म्हणाला, आबा, स्थळ मोडलं तर तुमची रवानगी सुप्याला आत्याकडं. मोडणारच. वाईट वाटतं, पण पोरीचा जीव वाचला. आज गोळ्या दोनदा घेतल्या किंवा एकदाही नाही.

१३ नोव्हेंबर, दुपार
रणजितच्या आईचा फोन. माझ्या पोराने स्पीकर लावला. मुलगी पसंत. पण एक शंका आहे म्हणाल्या. “आबांचं हे लहानपणापासनं हाय, का आता वयामुळं? पुढं लेकराबाळांत उतरायला नको.”
पोराने लगेच सुप्याला माझ्या बहिणीला, साखरबाईला फोन जोडून दिला. मला गोठ्यात पाठवलं. साखरबाई पाऊण तास बोलली. मधेमधे सगळे हसत होते.
रविवारी साखरपुडा. माझी खुर्ची आचाऱ्याजवळ ठेवणार आहेत.