वर म्हणजे हो

७ ऑगस्ट
परदेशात पोचले एकदाची! टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमधली ही खोली आईच्या मैत्रिणीच्या ओळखीतून मिळाली. घरमालकीण विद्याकाकूंनी दारातच तुकडा ओवाळून टाकला आणि आत शिरल्या शिरल्या गरम वरणभात वाढला. खोली एवढीशी आहे, पण माझी आहे! कॉलेजात या सत्रात न्यूरोअ‍ॅनाटॉमी, म्हणजे मेंदूची रचना. मी तर हुरळून गेलेय. शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान, शामकांतकाका असतात. जहाजावर इंजिनियर होते, स्ट्रोकनंतर नुसते पडून आहेत, पोटातल्या नळीतून अन्न. त्यांना काही कळत नाही, असं काकूंनी आल्या आल्याच सांगून टाकलं, म्हणजे मी बिचकायला नको. डोळे मात्र उघडे असतात. मी आपला नमस्कार केला.

१९ ऑगस्ट
आज मेंदू हातात धरला. थंड, रबरी आणि वाटतो त्यापेक्षा जड. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मला मात्र कधी एकदा सगळी नावं पाठ होतात असं झालं होतं. नुसतं पाठ करू नका, हलकेच पिन टोचून संवेदना एकमेकांवर तपासून बघा, असं सर म्हणाले. माझी इथे कोणाशी ओळख नाही, तपासू कोणावर, असं मी घरी आल्यावर कुरकुरले. काकू हसल्या आणि म्हणाल्या, घरात आयता माणूस आहे की. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्यांनीच हातात दिली.

मी जरा आढेवेढे घेतले, मग घेतली. तळवा, पोटरी, दंड, गाल. कपाळावर साधी आठी नाही, म्हणजे जाणीव शून्य. डोळ्यांना पाणी आलं तेवढं. ते एसीमुळे येतं, असं म्हणत काकूंनी ओढणीने पुसलं. उजळणीला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी स्वतःच्या फोनवर व्हिडिओही काढला.

२ सप्टेंबर
चाचणीत वर्गात पहिली! सगळं श्रेय काकांना. आता रोज संध्याकाळी आमचा क्लास असतो. पिन कुठे टोचली की संदेश कोणत्या वाटेने मेंदूत जातो, हे मी मोठ्याने म्हणत जाते आणि काकू व्हिडिओ काढतात. आज मी मास्तरीण होऊन म्हटलं, मंडळी, हा आमचा ओंडका, याच्या नखाखाली टोचलं तरी तक्रार नाही. आणि टोचलंही. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

१६ सप्टेंबर
आज पॉन्स शिकवला, मेंदूच्या देठातला फुगीर भाग. हालचालीचे तंतू त्याच्या पुढच्या बाजूने खाली उतरतात, वेदनेचे मागून वर चढतात. नुसता पुढचा भाग गेला तर माणसाला हात, पाय, जीभ, चेहरा, काहीही हलवता येत नाही. पण तो जागा असतो. सगळं ऐकतो. दुखलेलं सगळं त्याला कळतं. हलतात फक्त डोळे, तेही वर आणि खाली.

सर पुढच्या स्लाइडवर गेले. मी तिथेच राहिले.

घरी आले तेव्हा काकू भाजी आणायला गेल्या होत्या. काकांच्या कानाशी वाकून म्हटलं, ऐकू येत असेल तर वर बघा. डोळे वर गेले. खाली बघा म्हटलं. खाली आले.

१७ सप्टेंबर
वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, असं ठरवलं. टोचलेलं कळत होतं का? वर. प्रत्येक वेळी? वर. मी पाय धरून माफी मागितली, तर डोळे हललेच नाहीत. काकूंना सांगू? खाली. पुन्हा विचारलं. खाली, खाली, खाली. बायकोला धक्का बसू नये असं वाटत असेल बिचाऱ्यांना. पण हे लपवायचं तरी कसं? जेवताना सांगून टाकलं.

काकूंनी माझ्या वाटीत आमटी वाढली आणि म्हणाल्या, मला पहिल्यापासून माहीत आहे.

२० सप्टेंबर
काकांना तपासायला नर्स आली. मी काकूंच्या देखतच तिला सगळं सांगितलं. तिने त्यांना वर बघायला सांगितलं. काकांच्या पापण्या अर्धवट मिटलेल्या – सकाळीच काकूंनी नळीतून गुंगीचं काहीतरी दिलं असणार. नर्स माझ्या खांद्यावर थोपटून इथल्या लकबीच्या इंग्रजीत म्हणाली, फर्स्ट इयर ऑल्वेज लाइक दॅट, लाह.

ती गेल्यावर काकूंनी सगळे व्हिडिओ लावले. माझं हसणं. ओंडका. नख. कॉलेजला पाठवू का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. पदवी विसर, इथे राहायचा पासही राहणार नाही, म्हणाल्या. मग बाही वर केली. दंडावर इस्त्रीच्या टोकाचे डाग. हे दर सुट्टीत बोटीवरून घरी आले की एक नवा, म्हणाल्या. मला दुखतं हे यांना कुठे कळत होतं तेव्हा?

२४ सप्टेंबर
काकांना विचारलं, इस्त्रीचं खरं आहे का.
वर.
मला दया यायला हवी. कोणाची, तेच –

२८ सप्टेंबर
काकू म्हणतात, तुझा क्लास बंद का पडला? नाही म्हटलं तर फोन हातात घेऊन बसतात. आज टोचलं. अगदी हलकं. आणखी, म्हणाल्या. मी रडत होते. काका माझ्याकडे बघत होते, आणि –

१ ऑक्टोबर
काकांच्या डोळ्यांवर पट्टी लावू द्या म्हटलं, म्हणजे मला ते बघावे लागणार नाहीत. नको म्हणाल्या. त्यातच तर सगळं आहे, म्हणाल्या.

४ ऑक्टोबर
दार उघडं होतं. काकू खाली गेल्या होत्या. पळता आलं असतं. कॉलेजात जाऊन सगळं सांगता – पदवी – आईला काय –
पायात घातलेली चप्पल परत काढून ठेवली.

५ ऑक्टोबर
आज काकूंना आणखी म्हणावं लागलं नाही. इस्त्रीचा डाग डोळ्यांसमोर आणला की सोपं जातं. काकांनी डोळे वर केले, पुन्हा वर, पुन्हा वर. कशाला हो म्हणत होते? विचारायचं होतं. विचारलं नाही. मी फक्त पिन आणखी थोडी आत ढकलली.