मशीनला हळदीकुंकू

धर्मापुरी, ता. परळी

तीर्थरूप दादाला धाकट्या छबूचा दंडवत. वहिनीचा गुडघा, तुझी पिठाची गिरणी आणि दारची म्हैस, तिन्ही धड चालत असतील असं धरून चालते. (वहिनीला म्हणावं, नाव म्हशीच्या रांगेत घेतलं म्हणून फुगू नको, माया हायच.) आमी इकडं सुखरूप. फोन असताना पत्र कावून, म्हणशील. तर फोनवर मी घसा फोडते अन् तुला कायबी ऐकू जात न्हाई म्हणून. सगळा जन्म तुझा तिकडं कडा गावात गिरणीच्या घरघरीत गेला, कान बसले. हे कबूल कर अन् एकदा तपासून घे. पहिलंच सांगून टाकलं, आता माझं रामायण ऐक.

आमच्या सूनबाईनं, आरोहीनं, मला परळीला नेलं. कान तपासणाऱ्या बाईला ऑडिओलॉजिस्ट म्हणतात. नाव चैताली, वयानं आपल्या लेकीएवढी. तिनं मला बंद खोलीत काचेसमोर बसवलं, कानाला डबडी लावली, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मला वाटलं, परीक्षाच हाय! सुनेसमोर नापास व्हायचं म्हणजे इज्जतीचा सवाल. मंग मी काचेतून त्या पोरीचा हात बघायला लागले. हात हलला की दाबलं बटण. (दुसरीत शेजारणीच्या पाटीवर नजर ठेवायला तूच शिकवलं हुतंस.) पोरगी हसली अन् येऊन माझी खुर्ची भिंतीकडं फिरवून गेली. दादा, त्यानंतर बटण दाबायची येळच येईना. ती पलीकडून आवाज सोडतीय अन् माझ्याकडं नुसती सामसूम, हे ध्यानात आलं तवा लई घाबरले रे. तिनं पाठीवर हात ठेवला, म्हणाली, मावशी, इथं कुणी नापास होत न्हाई, फक्त लसणाचं तेल अन् काडी कानाला दाखवू नका.

कानात ऐकायचं मशीन बसलं. भाकरी थापल्याचा आवाज ऐकून पहिल्या दिवशी मीच दचकले. पण आमच्या ह्यांची भक्ती उतू गेली. खंडेनवमीला ह्यांनी कोयता, फवारणीचा पंप अन् मोटारसायकल पूजेला मांडली, त्याच ओळीत माझं मशीनबी. म्हणाले, हे तुझं हत्यारच की! हळद, कुंकू, अक्षता, वरून पळीभर पाणी. मशीननं जे मौन धरलं ते धरलंच. परत परळी. चैताली बारक्या ब्रशानं कुंकू काढता काढता विचारती, हे लाल काय हो? मी सुनेकडं बघितलं, सून छताकडं. हे मात्र छाती काढून म्हणाले, पूजा केली! पोरगी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. आपलं नशीब म्हणून मशीन चालू झालं. आता ते रात्री कोरड्या डबीत झोपतं, अन् ह्यांनी नमस्कार लांबूनच करायचा असं ठरलंय.

वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी
छबू

ता. क. येताना तुझ्या गिरणीचं ज्वारीचं पीठ आण. इकडच्या पिठाची भाकरी तव्यावरच रुसती.

आणखी एक ता. क. तुला न विचारता चैतालीकडं तुझा नंबर लावलाय. शिव्या काय द्यायच्या त्या इथं येऊन दे.

शेवटचं. मागल्या आठवड्यात फोनवर तुला सांगितलं होतं की माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, लई भ्या वाटतं, आई तर आता न्हाई, तू तरी जवळ येऊन बस. तू 'झकास, झकास' म्हणालास अन् फोन ठेवलास. त्या दिवशी मी लई रडले. ऑपरेशन दिवाळीनंतरच्या सोमवारी हाय. कानाचं मागनं बघू दादा, आधी तू ये.